ओळंब्याची साक्ष

जुन्या इमारतीला गेलेला तडा पाहून ती धोकादायक ठरवणे सोपे असते, पण तो निष्कर्ष नेहमीच बरोबर निघतो असे नाही. दगड, वीट आणि चुना यांची भिंत काँक्रीटच्या चौकटीइतकी ताठ नसते. पाया थोडा खचला किंवा भूकंपाचा हादरा बसला, की ती एखाद्या ठिकाणी फाटून ताण मोकळा करते आणि पुढे कित्येक पिढ्या तशीच भक्कम उभी राहते. त्यामुळे ऐतिहासिक वास्तू तपासणाऱ्या अभियंत्याला सर्वांत आधी हे ठरवावे लागते, की समोरचा तडा जुना आणि थांबलेला आहे की अजून वाढत आहे. एका भेटीत याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी पुन्हा पुन्हा मोजावे लागते.

या मोजणीची सर्वांत साधी रीत म्हणजे तड्यावर आडवी बसवलेली काचेची पातळ पट्टी. तिची दोन्ही टोके तड्याच्या दोन बाजूंना प्लास्टरने पक्की करून शेजारी तारीख लिहितात. तडा हलला की काच फुटते. तो किती हलला आणि कोणत्या दिशेने हलला हे मात्र फुटलेली काच सांगत नाही. म्हणून आता एकमेकींवर सरकणाऱ्या दोन पारदर्शक पट्ट्या वापरतात. एकीवर मिलिमीटरच्या चौकटी आखलेल्या असतात, दुसरीवर फुली असते आणि फुली जितकी सरकेल तितकी तड्याची हालचाल थेट वाचता येते. थंडीत बांधकाम आकसते व उन्हाळ्यात फुगते, त्यामुळे तडाही ऋतूंबरोबर उघडतो आणि मिटतो. ही नेहमीची ये-जा वजा करून खरी वाढ ओळखायची, तर किमान एक पूर्ण वर्ष नोंदी घ्याव्या लागतात.

भिंतीवर प्रत्यक्ष किती भार आहे हे शोधण्याचीही एक युक्ती आहे. दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यात आडवी खाच पाडली, की वरच्या वजनामुळे तिच्या दोन्ही कडा किंचित जवळ येतात; मग त्या खाचेत पोलादाची चपटी पोकळ चकती सरकवून तिच्यात तेल भरत जातात. कडा पूर्ववत झाल्या त्या क्षणी तेलाचा जो दाब असतो, त्यावरून त्या जागी भिंतीत असलेला ताण काढता येतो. काम संपल्यावर चकती काढून सांधा पुन्हा चुन्याने भरला, की वास्तूला कायमची इजा होत नाही.

कारण न उमगता केलेला हस्तक्षेप किती महागात पडतो आणि दीर्घकाळच्या नोंदी किती उपयोगी पडतात, या दोन्ही गोष्टी इटलीतील पिसाच्या मनोऱ्याच्या इतिहासात दिसतात. ११७३ मध्ये सुरू झालेल्या आणि सुमारे १४,५०० टन वजनाच्या या मनोऱ्याखालची माती मऊ असल्याने तो बांधकाम चालू असतानाच कलू लागला. १८३८ मध्ये त्याचा गाडला गेलेला तळ दिसावा म्हणून भोवती चर खणण्यात आला, तेव्हा कल एकदम वाढला. १९३४ मध्ये पायाला छिद्रे पाडून त्यांत सिमेंट भरण्यात आले, तेव्हाही तेच झाले. दोन्ही वेळी हेतू चांगला होता, पण मनोरा कशामुळे कलतो आहे हे कोणालाच पुरते उमगलेले नव्हते.

सुदैवाने १९११ पासून मनोऱ्याच्या कलाची नियमित नोंद होत होती, आणि १९३४ पासून त्याच्या पोटात सुमारे ३० मीटर लांबीचा लोलक टांगलेला होता. आपल्याकडचा गवंडी भिंतीची उभी रेषा तपासण्यासाठी जो ओळंबा सोडतो, त्याचेच हे मोठे आणि अचूक रूप. १९८९ मध्ये पाविया शहरातील जुना मनोरा अचानक कोसळून चार जण ठार झाले, तेव्हा पुढच्या वर्षाच्या आरंभी पिसाचा मनोरा लोकांसाठी बंद करून तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली. त्या वेळी तो उभ्या रेषेपासून सुमारे साडेपाच अंश ढळलेला होता आणि त्याचे टोक दरवर्षी मिलिमीटर-दीड मिलिमीटर पुढे सरकत होते. समितीने जुन्या नोंदी बारकाईने तपासल्या, तेव्हा मनोरा दक्षिणेला झुकत असताना पायाची उत्तरेकडची कड हळूहळू वर उचलली जात आहे हे स्पष्ट झाले. त्याच बाजूला वजन ठेवावे हा विचार यातूनच पक्का झाला, आणि १९९३ मध्ये तेथे सुमारे ६०० टन शिसे रचल्यावर कल प्रथमच किंचित कमी झाला.

१९९५ मध्ये जमीन गोठवून खोदकाम करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा मनोरा पुन्हा दक्षिणेकडे सरकू लागला. मापके चालू असल्यानेच हे तत्काळ कळले आणि शिशाचा भार ९०० टनांपर्यंत वाढवून धोका टाळता आला. अखेरीस १९९९ ते २००१ या काळात उत्तरेच्या बाजूखालून तिरप्या नळ्यांनी थोडी थोडी माती काढण्यात आली. प्रत्येक टप्प्यानंतर मनोऱ्याचा प्रतिसाद पाहून मगच पुढची माती काढायची, अशी ही रीत होती. सुमारे ३८ घनमीटर माती निघाली, कल अर्ध्या अंशाने कमी झाला आणि डिसेंबर २००१ मध्ये मनोरा पुन्हा खुला झाला. त्यात बसवलेली मापके मात्र काम संपले म्हणून काढून टाकण्यात आली नाहीत.

महाराष्ट्रात ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ हा शब्द आता घरोघरी माहीत आहे, कारण मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची अशी तपासणी कायद्यानेच आवश्यक आहे. मात्र ऑडिट म्हणजे एका दिवसाची स्थिती. वाडे, देवळे, किल्ल्यांचे बुरूज आणि दगडी सार्वजनिक इमारती यांना त्याखेरीज वर्षानुवर्षे चालणाऱ्या नोंदींची गरज आहे. काँक्रीटच्या पृष्ठभागावर हातोडी आपटून मजबुती अजमावणारे उपकरण चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीला जसेच्या तसे लागू पडत नाही, आणि अशा भिंतीवर घाईने चढवलेला सिमेंटचा गिलावा आतली ओल कोंडून चुना खिळखिळा करतो. दुरुस्तीच्या खर्चापुढे तड्यांवरची मापके, ओळंबा आणि नोंदवही यांचा खर्च अगदी थोडा असतो. १९११ मध्ये पिसाचा कल मोजणाऱ्यांच्या आकड्यांचा निर्णायक उपयोग ऐंशी वर्षांनंतरच्या अभियंत्यांना झाला. आपल्या वास्तूंच्या नोंदींनाही असाच उपयोग व्हायचा असेल, तर त्या आजपासून, इमारत ठीक दिसत असतानाच, सुरू केल्या पाहिजेत.