निर्यात न होणारा माल



कोणता माल किती दूर जाऊ शकतो, हे ओळखणे आपल्या व्यवसायात फार महत्त्वाचे असते. आपले तांदूळ, डाळी, पापड आणि लोणची आज कॅनडा-इंग्लंडातील दुकानांतून मिळतात. सणवारही तेथे समारंभपूर्वक साजरे होतात. एक गोष्ट मात्र कोणत्याही बारदानात भरून पाठविता येत नाही, आणि ती म्हणजे आपल्या देशातील प्रवास. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मुलांना तिचीच उणीव फार भासते, असे माझ्या अनुभवास आले आहे. ती काही अंशी भरून काढणे आपल्या हाती आहे, म्हणून हा लेख.

माझा पुतण्या गेली १४ वर्षे नोकरीनिमित्त टोरांटो येथे राहतो. कामासाठी त्यास अधूनमधून माँट्रियलला आगगाडीने जावे लागते. अंतर सुमारे ५४० किलोमीटर. बेळगावाहून मुंबई जितकी दूर, त्याहून थोडे अधिक. डबा स्वच्छ, आसन मऊ, गर्दी नाही. एकदा मी त्यास विचारले, "एवढे सुख असताना तुला आमच्या गाड्यांची आठवण का यावी?" तो म्हणाला, "काका, येथे शेजारचा माणूस पाच तास माझ्याजवळ बसतो, पण तुम्ही कुठले, एवढे काही विचारीत नाही. मी ठिकठिकाणी जाऊन पोहोचतो खरा, पण प्रवास केल्यासारखे वाटतच नाही."

यात तेथील लोकांची निंदा नाही. दुसऱ्याच्या एकांतास जपणे हाही एक शिष्टाचारच होय. आपली रीत मात्र निराळी. आपल्याकडे गाडी हलण्यापूर्वीच "कुठले आपण?" हा प्रश्न येतो. गावाचे नाव सांगितले की त्या गावचा कोणी आडत्या, कोणी सोयरा, कोणी गुरुजी ओळखीचा निघतो, आणि दोन स्थानके मागे पडेपर्यंत अनोळखी गृहस्थ मुलांचे मामा झालेले असतात. परदेशातून फोनवर बोलताना मुले ज्याची आठवण काढतात, ते हेच.

तरुणपणी गव्हाच्या खरेदीसाठी मी इंदुरास जात असे. खांडव्यास मोठी गाडी सोडून मीटर गेजच्या लहान गाडीत बसावे लागे. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० साली इंग्रज सरकारास १ कोटी रुपयांचे कर्ज देऊन हा मार्ग घडवून आणला. ओंकारेश्वर रोड स्थानकावर यात्रेकरू उतरत. कोणी ओंकारेश्वराकडे निघालेले, तर कोणी आपल्या सिद्धवरकूट क्षेत्राकडे. पुढे कालाकुंड येई. तेथे द्रोणातील कलाकंद घेऊन गाडी पातालपाणीचा घाट चढू लागे. एका फेरीत निमाडातील एका शेतकऱ्याने मला डब्यातच सांगितले, की काढणीच्या वेळी पाऊस झाल्याने यंदाचा दाणा काळवंडला आहे. बाजारात वानगी हातावर घेऊन पाहिली, तो त्याचे बोलणे खरे! त्या वर्षी मी भाव बांधला तो त्या शेतकऱ्याच्या शब्दावर. महूपर्यंतचा तो मीटर गेजचा मार्ग आता रुंदीकरणासाठी बंद झाला आहे. पातालपाणी ते कालाकुंड या टप्प्यावर २०१८ साली पर्यटकांसाठी खास गाडी सुरू करण्यात आली. परंतु गव्हाचे वर्तमान सांगणारा शेतकरी त्या गाडीत कोठून भेटणार?

प्रवासातील कष्टांविषयी कोणी म्हणेल, की गर्दी, धूळ आणि खोळंबा यांची आठवण कशास काढावी? त्यास आपल्याच एका पूर्वसूरीचे उदाहरण देतो. जौनपूर येथे १५८६ साली जन्मलेले जैन व्यापारी बनारसीदास यांनी १६४१ साली 'अर्धकथानक' हे आत्मचरित्र पद्यात लिहिले. आग्र्याच्या वाटेवर इटाव्याजवळ भर पावसात त्यांस कोठे आसरा मिळेना. शेवटी ज्या झोपडीत ते शिरले, तेथील मनुष्याने आधी त्यांस दरडावले आणि मग दया येऊन खाटेखाली निजावयास जागा दिली. मालाच्या खरेदी-विक्रीचे आकडे बहुतेक वाचक विसरतात. ती पावसाळी रात्र मात्र सुमारे चारशे वर्षांनंतरही वाचकाच्या लक्षात राहते.

आहाराचा प्रश्नही लहान नाही. टोरांटोस जून महिन्यात सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, आणि डिसेंबरात पावणेपाचाच्या आत. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यास तेथे हिवाळ्यात कचेरीतच डबा उघडावा लागतो, आणि वाटेवरच्या उपाहारगृहात प्रत्येक पदार्थाच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचावी लागतात. आपल्याकडे दशम्यांचे गाठोडे सोडले, की समोरचा गृहस्थ आपण होऊन पाय आखडून जागा करून देतो. "आम्ही कांदा-लसूण खात नाही" एवढे म्हटले की पुरे. अधिक स्पष्टीकरण कोणी मागत नाही.

आता खेदाची गोष्ट सांगतो. ही मुले तीन आठवड्यांच्या रजेवर येतात. सांबऱ्याच्या विमानतळावरून मोटारीने घरी, घरून लग्नकार्यास, तेथून बँकेत आणि दंतवैद्याकडे. पुन्हा मोटारीने विमानतळावर. नातवंडांस बेळगाव म्हणजे एक घर आणि एक मंगल कार्यालय एवढेच दिसते. मराठी त्यांना कळते, पण अनोळखी माणसाशी मराठीत बोलण्याची वेळच त्यांच्यावर येत नाही. हे असेच चालले, तर पुढची पिढी या देशास पाहुणी म्हणून येईल, आणि त्यानंतरची कदाचित येणारही नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, मुलांच्या रजेतील तीन दिवस आधीच प्रवासासाठी राखून ठेवावेत, आणि तो प्रवास मोटारीने न करता आगगाडीच्या साध्या शयनयान डब्यातून करावा. दुसरी, आजी-आजोबांचे पाय चालत आहेत तोवरच त्यांना बरोबर घ्यावे. कारण वाटेत कोणते गाव कशासाठी प्रसिद्ध आणि कोणत्या स्थानकावर काय घ्यावे, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक? तिसरी सूचना आपल्या संघटनेस आहे. तीर्थक्षेत्रांच्या धर्मशाळांतून गाळलेले पाणी, सूर्यास्तापूर्वीचे भोजन आणि स्वच्छ खोल्या यांची व्यवस्था अधिक नेटकी करण्यासाठी आपण हातभार लावावा. श्रवणबेळगोळ येथील महामस्तकाभिषेक २०१८ साली झाला. बारा वर्षांच्या क्रमाने पुढचा २०३० च्या सुमारास येईल. परदेशस्थ मुलांना आजच त्याचे आमंत्रण धाडावे, आणि हुबळी-अरसीकेरे मार्गे गाडीनेच जाण्याचे ठरवावे.

वाटेत गाडी दोन तास रखडली, तर रखडू द्यावी. तेवढ्या वेळात समोरच्या बाकावरील कोणी आजीबाई आपल्या नातवास विचारतील, "बाळ, कुठला रे तू?" त्या प्रश्नाचे उत्तर त्याने मराठीत द्यावे आणि ते देताना अडखळू नये, एवढी तयारी आपण त्याच्याकडून करून घेतली पाहिजे.