कोरेगावच्या भेटीचे स्मरण कशासाठी?

थोर पुरुषाचे पाय एखाद्या लहान गावाला लागले की ते गाव तो दिवस सहसा विसरत नाही. भेटीचा फलक लागतो, चौकाला नाव दिले जाते, दरवर्षी हारतुरे होतात. परंतु पाहुणा आला कशासाठी, त्याने तेथे पाहिले काय आणि परत गेल्यावर केले काय, हे प्रश्न फलकावर मावत नाहीत आणि हळूहळू ते विचारलेही जात नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी भीमा-कोरेगावच्या विजयस्तंभाला दिलेल्या भेटीच्या बाबतीत तरी असे होऊ देणे परवडणारे नाही. १ जानेवारी २०२७ हा त्या भेटीच्या शताब्दीचा दिवस. त्या निमित्ताने या भेटीचा अर्थ शांतपणे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

स्थळ प्रथम ध्यानी घ्यावे. कोरेगाव भीमा हे गाव शिरूर तालुक्यात आहे. स्तंभ मात्र नदीच्या दुसऱ्या तीरावर, हवेली तालुक्यातील पेरणे गावाच्या हद्दीत आहे. पुणे-नगर रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशाला तो सहज दिसतो. हीच भीमा पुढे मुळा-मुठेचे पाणी घेऊन दौंडच्या कडेने वाहत जाते. शिरूर येथे कंपनी सरकारची छावणी होती आणि कोरेगावच्या लढाईची सुरुवात खरे तर या छावणीतूनच झाली. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून पुण्याकडे निघाला. त्याच्याबरोबर मुंबई फलटणीचे पायदळ, काही घोडेस्वार, दोन तोफा आणि त्या तोफांवरील मद्रासकडील गोलंदाज, असे सुमारे साडेआठशे लोक होते. सकाळी भीमेकाठी पोचल्यावर त्यांना समोर दुसऱ्या बाजीरावाची फौज दिसली. कंपनीच्या शिपायांनी कोरेगावचा आश्रय घेतला. दिवसभर गल्लीबोळांतून झुंज चालली. नदी जवळ असूनही संध्याकाळपर्यंत त्या शिपायांना पाण्याचा घोट मिळाला नाही. कंपनीकडील पावणेतीनशेच्या आसपास माणसे ठार, जखमी वा बेपत्ता झाली. रात्री पेशव्यांच्या फौजेने माघार घेतली.

या लढाईने पेशवाई बुडाली, असे पुष्कळदा सांगितले जाते. वस्तुतः शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण नोव्हेंबर १८१७ मध्येच चढले होते आणि बाजीराव शरण गेला तो जून १८१८ मध्ये. दोन्ही बाजूंच्या सैन्यांत अनेक जातिधर्मांचे लोक होते. पेशव्यांच्या बाजूने गावावर चालून गेलेल्या तुकड्यांत अरब व गोसावी होते. कंपनीच्या शिपायांत महारांबरोबर मराठे, राजपूत व मुसलमान होते. हा तपशील सांगितल्याने कोणाच्या पराक्रमाला उणेपणा येत नाही. इतिहासाचा आधार घेऊन उभे राहायचे तर तो आधार पक्का असला पाहिजे, एवढाच त्याचा मथितार्थ.

कंपनीने हा स्तंभ १८२१-२२ मध्ये उभारला, तो अर्थातच स्वतःच्या शस्त्रांचा गौरव करण्यासाठी. त्यावरील लेख इंग्रजीत आणि मराठीत आहेत. तथापि विजयाचा हा दगड कोरताना कंपनीने धारातीर्थी पडलेल्या शिपायांची नावेही कोरली आणि त्यामुळे तिच्या हातून कळत-नकळत एक वेगळेच काम घडले. या एकोणपन्नास नावांपैकी बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ हे पद आहे, आणि आपल्या नावापुढे हे पद लावण्याची रीत त्या काळी महार समाजात होती. गावगाड्यात ज्यांची सावलीही विटाळ मानली जाई, त्यांची नावे सरकारी दगडावर इतरांच्या ओळीत बसली. तेथे पंक्तिभेद नव्हता.

पुढील शतकात त्या नावांच्या वारसांना जे भोगावे लागले, ते या भेटीची पार्श्वभूमी म्हणून समजून घ्यावे लागते. १८५७ नंतर इंग्रजांच्या लष्करी धोरणात ‘लढवय्या जाती’ची कल्पना बळावली. १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती थांबवण्यात आली. ज्यांच्या बळावर राज्य मिळवले त्यांनाच लढण्यास अपात्र ठरवण्याचा हा प्रकार होता. लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये या अन्यायाविरुद्ध विनंतीअर्ज तयार केला. सुभेदार रामजी सकपाळ यांनी या बंदीविरुद्धच्या अर्जासाठी न्यायमूर्ती रानडे यांचे साहाय्य घेतल्याचे आंबेडकरांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये हीच मागणी थेट विलायत सरकारपर्यंत नेली, आणि कोरेगावच्या स्तंभापाशी समाजाचे मेळावे भरवण्यातही पुढाकार त्यांचाच होता. म्हणजे आंबेडकर आले तेव्हा त्या दगडाकडे पाहण्याची नवी दृष्टी अनेकांच्या श्रमांतून तयार झालेली होती.

लष्कराची दारे बंद होणे म्हणजे केवळ एक नोकरी जाणे नव्हते. फलटणीत शाळा असे आणि शिपायाच्या मुलाला अक्षरओळख होई. रामजी सकपाळ स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांच्या घरातील विद्येचे वातावरण तेथून आलेले होते. गावच्या शाळेत ज्याला दाराबाहेर बसावे लागे, त्याला फलटणीच्या शाळेत फळ्यासमोर बसता येत होते. भरती थांबली तेव्हा पगाराबरोबर ही पाटीही हातातून गेली. त्यानंतर पुष्कळांनी गिरण्या, दारूगोळ्याचे कारखाने आणि रेल्वे यांची वाट धरली. दौंडसारख्या जंक्शनच्या गावांतील रुळांवरून जाताना त्या स्थलांतराचे भान ठेवले, तर कोरेगाव आणि दौंड यांना जोडणारा धागा भीमेच्या पाण्याहून वेगळाही आहे, हे लक्षात येईल.

१ जानेवारी १९२७ रोजी आंबेडकर पस्तीस वर्षांचे होते. परदेशातील उच्च पदव्या त्यांच्यापाशी होत्या आणि मुंबईच्या कायदेमंडळातील कामास ते नुकतेच लागणार होते. स्तंभाच्या पायथ्याशी सभा झाली. परंतु या भेटीचा खरा आशय शोधायचा असेल तर त्या एका दिवसापाशी थांबून भागणार नाही. १९२७ हे संपूर्ण वर्ष समोर ठेवावे लागेल. कोरेगावनंतर अठ्ठ्याहत्तर दिवसांनी, २० मार्च रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्या माणसांनी ओंजळीत घेतले. महाडच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषणात आंबेडकरांनी लष्करातून निवृत्त झालेल्यांमुळे त्या भागात आलेल्या जागृतीचा उल्लेख केला आणि भरती बंद करणाऱ्या सरकारला दोष दिला. ३ एप्रिल रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. २५ डिसेंबर रोजी महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. त्या वर्षाचा पहिला दिवस कोरेगावला उजाडला होता. स्तंभावरील नावांनी जे सांगितले, त्याचा उपयोग पूर्वजांची थोरवी गाण्यापुरता न ठेवता जिवंत माणसांच्या पाण्यासाठी, शाळेसाठी आणि मानासाठी करण्यात आला.

इंग्रजांच्या विजयाचा खांब हा अभिमानाचा विषय कसा होऊ शकतो, अशी शंका घेतली जाते. ती केवळ द्वेषापोटी घेतली जाते असे मानण्याचे कारण नाही. राष्ट्रीय चळवळीत वाढलेल्या मनाला ती प्रामाणिकपणेही पडू शकते. तिचे उत्तर आंबेडकरांच्या पुढील युक्तिवादात सापडते. राज्य मिळवण्यात अस्पृश्यांचे साहाय्य घेतले आणि मिळाल्यावर त्यांना काय दिले, हा हिशेब त्यांनी इंग्रज राज्यकर्त्यांपुढे वारंवार मांडला. आपल्याच समाजाने माणूस म्हणून वागवले असते तर या शिपायांना परक्यांच्या फलटणीत का जावे लागले असते, हा प्रश्न त्यातून स्वकीयांपुढेही उभा राहतो. म्हणजे हा स्तंभ सत्ताधाऱ्याची स्तुती म्हणून उभारला गेला आणि तक्रारीचा पुरावा म्हणून वाचला गेला. या पाठपुराव्याचे फळही मिळाले: १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिच्या आरंभीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

दगडाचे स्मरण वाचनावाचून केले तर काय होते, याचे एक उदाहरण शिरूरलाच आहे. १८०९ मध्ये मरण पावलेल्या कर्नल वॉलेस या इंग्रज अधिकाऱ्याचे थडगे तेथे आहे. लोक त्याला ‘सत्पुरुष’ म्हणून भजू लागले आणि सुगीच्या वेळी त्याच्यापुढे नव्या धान्याचा नैवेद्य ठेवू लागले, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियरने केली आहे. त्यात लोकांच्या मनाचा निर्मळपणा आहेच. पण तो माणूस कोण होता, येथे कशासाठी आला होता, हे पुसले गेले आणि नवस तेवढा उरला. कोरेगावचे असे होता कामा नये.

याउलट धोकाही याच भूमीने पाहिला आहे. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस जवळच्या वढू बुद्रुक येथे गोविंद गोपाळ यांच्या समाधीविषयीच्या फलकावरून वाद झाला. लढाईला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, १ जानेवारी २०१८ रोजी, कोरेगाव-सणसवाडीच्या परिसरात हिंसाचार उसळला. एका तरुणाचा जीव गेला, वाहने जळाली, दुकाने मोडली. चौकशीसाठी निवृत्त न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांचा आयोग नेमावा लागला. तेव्हापासून १ जानेवारी आला की पोलीस बंदोबस्त आणि वाहतुकीचे बदल यांचीच चर्चा अधिक होते. लाखो माणसे येतात, अभिवादन करतात आणि शांतपणे परततात, याचे श्रेय त्यांना आणि त्यांच्या वाटेवरील गावांना दिले पाहिजे. पण येणारा पाहुणा आणि राहणारा गावकरी यांच्यात बंदोबस्ताचे कडे उरावे, ही गोष्ट कोणालाही भूषणावह नाही.

हे कडे पोलिसांनी निघणार नाही. ते निघण्याची खरी जागा शाळा आणि महाविद्यालय ही आहे. शिरूर व दौंड तालुक्यांतील शिक्षकांना यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. गर्दी नसलेल्या एखाद्या साध्या दिवशी नववी-दहावीचा वर्ग स्तंभापाशी न्यावा आणि मुलांकडून त्यावरील मराठी लेख मोठ्याने वाचून घ्यावा. एकोणपन्नास नावांचे वाचन काही मिनिटांत होते. सर्व जातींच्या मुलांनी सर्व नावे वाचावीत. त्यांतले कोणते नाव कोणत्या घरचे, हे वेगळे सांगण्याची गरज पडणार नाही. वर्गात परतल्यावर फळ्यावर १९२७ च्या चार तारखा लिहाव्यात: १ जानेवारी, २० मार्च, ३ एप्रिल आणि २५ डिसेंबर. पहिल्या तारखेकडून दुसऱ्या तारखेकडे जाण्यास आंबेडकरांना अठ्ठ्याहत्तर दिवस का पुरले, आणि आपल्या गावातील पाणवठा, स्मशान व वसतिगृह यांच्याकडे त्याच नजरेने पाहिल्यास काय दिसते, हा प्रश्न मग मुलांनाच सोडवू द्यावा.