खो-खो : बसलेल्या गड्याची कसोटी

नवी दिल्लीत १९ जानेवारी २०२५ रोजी पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या दोन्ही अंतिम लढतींत भारताने नेपाळला नमविले. प्रियंका इंगळे यांच्या नेतृत्वाखालील महिला संघाने ७८-४०, तर प्रतीक वाईकर यांच्या पुरुष संघाने ५४-३६ अशी बाजी मारली. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. अशा विजयात डोळ्यांत भरतो तो वेग आणि खांबावरची झेप. परंतु या खेळाचा खरा आधार असतो आखलेल्या चालीची अचूक अंमलबजावणी.

पारंपरिक खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ गडी मैदानात असतात. आठ जण मधल्या पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा धावतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशा खांब गाठेपर्यंत बदलता येत नाही. पळणाऱ्यावर ही बंधने नसतात. त्यामुळे एकास एक या हिशेबाने पाठलाग करणारा मागेच पडणार. ही उणीव भरून काढतो तो ‘खो’.

खो मागून, हाताचा स्पर्श आणि उच्चार करूनच द्यावा लागतो. उतावीळपणे कुणी आधीच उठला, तर फाऊल होतो. आक्रमकाला उलट दिशेने जावे लागते आणि हाती आलेला संरक्षक निसटतो. उठायला क्षणभर उशीर झाला, तरी परिणाम तोच. जोश आहे पण लक्ष नाही, तर चूक घडते. लक्ष आहे पण झोकून देण्याची तयारी नाही, तर संधी हुकते. म्हणूनच बसलेला गडी हा विश्रांती घेणारा गडी नव्हे.

बास्केटबॉलमध्येही हेच दिसते. सांघिक खेळासाठी ख्यातनाम असलेला सॅन अँटोनियो स्पर्स संघ २०१३ च्या एनबीए अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात, शेवटचा अर्धा मिनिटही उरला नसताना, पाच गुणांनी पुढे होता. मायामीचा एक फटका चुकला. पण उसळून आलेला चेंडू मायामीच्याच ख्रिस बॉशने पकडला आणि रे ॲलनने तीन गुण मिळवून बरोबरी साधली. जादा वेळेत स्पर्स हरले, पाठोपाठ सातवा सामना आणि विजेतेपदही गेले. पुढच्या वर्षी त्याच मायामीला त्यांनी ४-१ असे हरविले.

एखाद्या असामान्य खेळाडूवर विसंबलेल्या संघात इतरांची ढिलाई कधीकधी झाकली जाते. साखळीवर उभ्या असलेल्या संघाला ती मुभा नसते. गोव्यातील शाळांच्या मैदानांवर संघ घडविणाऱ्या क्रीडाशिक्षकांनी सरावात बाद केलेल्या गड्यांबरोबरच झालेले फाऊल आणि उशिरा घेतलेले खोही मोजले, तर संघ नेमका कुठे कमी पडतो, हे सामन्याआधीच कळेल.