नगररचना, पूर आणि आपली वखार

हैदराबादेस उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक जुने चिंचेचे झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीस महापूर आला, तेव्हा या झाडाच्या फांद्यांचा आश्रय घेऊन सुमारे १५० माणसे वाचली, असे सांगतात. त्या पुरात गेलेल्यांची संख्या १५,००० च्या घरात मानली जाते. झाड आणि मृत्यूचा हा आकडा, दोन्ही गोष्टी या शहरातील लहान मुलांसही ठाऊक असतात. परंतु त्यानंतर जे घडले, ते आपल्या व्यापारी बंधूंच्या फारसे कानांवर नसते.

पुढील वर्षी निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांस पाचारण केले. त्यांनी केवळ नदीचा काठ न पाहता वरच्या साऱ्या पाणलोटाचा हिशेब मांडला. त्या क्षेत्रात ७८८ तलाव असून त्यांपैकी २२१ फुटले होते. वरचा तलाव फुटला की त्याचा सारा भार खालच्यावर येतो आणि तोही जातो; एका पेढीचे दिवाळे दुसरीस बुडविते, त्यांतलाच हा प्रकार होय. त्यांच्या योजनेनुसार पुढे मुसीवर १९२० साली उस्मानसागर आणि तिच्या उपनदीवर १९२७ साली हिमायतसागर पूर्ण झाला. नगरसुधारणेसाठी १९१२ सालीच एक स्वतंत्र मंडळ नेमले गेले होते. पूर टाळावयाचा तर धरण आणि नगररचना ही दोन्ही कामे एकत्र करावी लागतात, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांस उमगले होते, ही गोष्ट विशेष होय.

तथापि धरणे बांधून पूर कायमचा गेला नाही. ऑगस्ट २००० मध्ये बेगमपेठ येथे एका दिवसात २४ सेंटिमीटर पाऊस पडला. ऑक्टोबर २०२० मध्ये सुमारे १९ पडला आणि बालापूरकडील तलाव फुटून वस्त्या पाण्याखाली गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये तर याच दोन जलाशयांतून सोडलेल्या पाण्याने मुसीकाठचे महात्मा गांधी बसस्थानक रात्रीच्या वेळी भरले आणि उतारूंस बाहेर काढावे लागले. कारण उघड आहे. एका तलावातून दुसऱ्या तलावात जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर आपण घरे, दुकाने व रस्ते उभारले. आता नदी गावात येण्याची वाट पाहावी लागत नाही. पाऊस पडला त्या ठिकाणीच पूर येतो. म्हणूनच राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० साली शहरी पुरासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढली.

येथे आमचीच एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ऑक्टोबर २०२० च्या त्या रात्री आमच्या मोबाईलवर सूचना आली की, जलाशयाचे दरवाजे उघडले असून इतके क्युसेक पाणी सोडले आहे. आम्ही ती वाचली आणि झोपलो. आमची वखार मुसीजवळच्या एका सखल गल्लीत. आत तूर, हरभरा आणि गव्हाच्या थप्प्या आणि दाराशी झोपलेला वृद्ध राखणदार. पहाटे गल्लीतील एका हमालाने त्यास दार फोडून बाहेर काढले, म्हणून तो वाचला. हमाल काही सूचना वाचून आला नव्हता. नाल्याचे पाणी मागे फिरले की पुढे काय होते, हे त्यास अनुभवाने ठाऊक होते. आम्ही चाळीस वर्षे धान्य तोलले, पण एक क्युसेक म्हणजे किती, हे आम्हांस सांगता आले नसते.

तो हिशेब असा. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदास एक घनफूट, सुमारे २८ लिटर. १,००० क्युसेक म्हटले की दर सेकंदास १०,००० लिटरचे जवळजवळ तीन टँकर रिते होत आहेत, असे समजावे. पावसाचेही तसेच. एक सेंटिमीटर पाऊस एक एकरावर पडला, म्हणजे सुमारे ४०,००० लिटर पाणी झाले. मग १९ सेंटिमीटरचे किती, हा गुणाकार आपल्यापैकी कोणासही कठीण नाही.

परंतु शिक्षणाची गरज एकट्या व्यापाऱ्यास आहे असे नव्हे; अधिकाऱ्यांसही ती तितकीच आहे. पुरानंतर काही महिन्यांनी एक तरुण अभियंता नकाशा घेऊन आमच्या गल्लीत आला. नकाशात नाला सरळ निळ्या रेघेने दाखविलेला होता. त्याच हमालाने बोट ठेवून सांगितले की, येथे नाला वळतो आणि येथे तो दोन हातांवरून एका हातावर येतो. का येतो, हे मात्र सांगताना तो आमच्याकडे पाहून थांबला. कारण त्या जागी आमचा आणि शेजारच्या दोन पेढ्यांचा ओटा नाल्यावर पुढे आलेला होता. कर्मचारी नाला साफ करीत नाहीत, अशी तक्रार आम्ही दरवर्षी करीत होतो. ओटा पुढे काढून देणाऱ्यास दोष द्यावा, तर काढविणारे आम्हीच. तो ओटा आता पाडला आहे. शेजारच्या दोहोंपैकी एक अद्याप उभा आहे, हेही लिहिले पाहिजे.

अशा रीतीने एका टेबलाभोवती अधिकारी, व्यापारी आणि हमाल यांनी बसून नकाशा दुरुस्त करणे, यासच आम्ही खरे प्रशिक्षण म्हणतो. पंख्याखाली बसून व्याख्यान ऐकणे व चहा घेऊन घरी येणे, यास ते नाव देऊ नये.

वखारीविषयी अधिकाऱ्यांस ठाऊक असावी अशी एक गोष्ट आहे, आणि ती प्राणाशी गाठ घालणारी आहे. धान्यास कीड लागू नये म्हणून परवानाधारकाकडून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवविल्या जातात. (हा विषय आपल्या धर्मास अडचणीचा आहे, हे आम्ही जाणतो, पण न बोलल्याने गोळी नाहीशी होत नाही.) या गोळ्यांस ओल लागली की फॉस्फीन नावाचा अत्यंत विषारी वायू निघतो. पूर शिरलेल्या वखारीत अग्निशामक दलाचा जवान अथवा आपला हमाल दार उघडून एकदम आत गेला, तर त्याचा जीव धोक्यात येतो. भिजलेले धान्य फुगून भिंतीस रेटा देते, थप्पी कोसळते, आणि कुजू लागले की बंद खोलीतील प्राणवायू कमी होतो. सबब कोणत्या वखारीत धुरी दिलेली आहे, विजेची मुख्य कळ कोठे आहे आणि रात्री आत कोण झोपते, याची यादी आपल्या संघाकडे व विभागाच्या अग्निशामक केंद्रात, दोन्ही ठिकाणी असावी.

सरकारी बाजूने दार उघडे आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात २०२५ साली सुधारणा होऊन राज्यांच्या राजधान्या व महानगरपालिकांची शहरे यांकरिता नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद झाली. त्याचे अध्यक्षपद पालिका आयुक्तांकडे आहे. त्यापूर्वी २०१६ मध्ये ‘आपदा मित्र’ योजनेखाली २५ राज्यांतील पूरप्रवण अशा ३० जिल्ह्यांत ६,००० स्वयंसेवक शिकविण्यास प्रारंभ झाला होता. इंदूर, वडोदरा, बेळगाव येथील आपल्या बंधूंनीही आपापल्या पालिकेत जाऊन ‘आमच्या बाजाराचा नकाशा दाखवा’ एवढी मागणी करून पाहावी.

चातुर्मास बसण्यापूर्वी, ज्येष्ठ महिन्यात, बाजाराची एक रंगीत तालीम घ्यावी, असे आम्ही सुचवितो. सूचना आल्यावर कोणी कोणास फोन करावा, चोपड्या माळ्यावर कोणी न्याव्यात, राखणदारास कोणी उठवावे, हे त्या दिवशी प्रत्यक्ष करून पाहावे. शेटजींनी एकट्याने येऊन भागणार नाही; गुमास्ते, राखणदार व हमाल हवेत. हमालांची त्या दिवसाची हमाली बुडू नये, यास्तव ती संघाने द्यावी.