झाडावरचं निवडुंग

निवडुंग म्हटलं की तापलेली वाळू आणि काटे आठवतात. पण या कुळातल्या अनेक जाती मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या दमट जंगलांत झाडांच्या फांद्यांवर वाढतात. यजमान झाडाचा रस त्या शोषत नाहीत. बेचक्यात साचलेला पालापाचोळा आणि शेवाळ त्यांना पुरतं.

आपल्याकडच्या गॅलरीत रात्री उमलणारं ‘ब्रह्मकमळ’ यांतलंच, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. (हिमालयातलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं, त्याचा इथे काही संबंध नाही.) पान समजून आपण कुंडीत खोचतो, ते खरं तर चपटं झालेलं खोड असतं. म्हणूनच कळी त्याच्या कडेच्या खाचेतून फुटते. सावलीत उजेड टिपायला असं रुंद खोड सोयीचं. काट्यांची मात्र फारशी गरज उरली नाही.

वर्गीकरणाची गंमत पुढे आहे. नाताळच्या सुमारास फुलणारं ब्राझीलचं श्लुम्बर्गेरा आणि दोऱ्यांसारखं लोंबणारं रिप्सॅलिस एका गटात. ब्रह्मकमळ आणि ड्रॅगनफ्रूट दुसऱ्या. झाडावर राहायची सवय दोघांनी स्वतंत्रपणे लावून घेतली. डीएनए तपासणीनंतर जुन्या प्रजाती मोडल्या, जुळल्या. ड्रॅगनफ्रूटही २०१७ मध्ये हायलोसेरियसमधून सेलेनिसेरियसमध्ये गेलं.

रिप्सॅलिस बॅक्सिफेरा तर अमेरिकेबाहेर नैसर्गिकरीत्या आढळणारं एकमेव निवडुंग: आफ्रिका, मादागास्कर, श्रीलंका. त्याच्या चिकट बिया पक्ष्यांनी समुद्रापार नेल्या असाव्यात, असा एक तर्क आहे. वाद अजून मिटलेला नाही.