फार्मसी कौन्सिलांतील दोन मोकळ्या जागा

साताऱ्याच्या राजपथावर किंवा सांगलीच्या गणपती पेठेंत औषधाच्या दुकानीं गेलें असतां भिंतीवर सहसा दोन कागद चौकटींत लावलेले आढळतात. एक दुकानाचा परवाना. तो राज्याचें अन्न व औषध प्रशासन देतें. दुसरें फार्मासिस्टचें नोंदणी-प्रमाणपत्र. तें महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल देतें. गिऱ्हाईक या दोहोंकडे क्वचितच पाहतें. परंतु डॉक्टरनें लिहून दिलेलें औषध नोंदलेल्या फार्मासिस्टनें किंवा त्याच्या देखरेखीखालीं दिलें जावें, या नियमाचा सारा भार त्या दुसऱ्या कागदावर आहे. कागद भिंतीवर आणि त्याचा धनी दुसऱ्याच गांवीं, हा प्रकार अपरिचित नाहीं. प्रमाणपत्र भाड्यानें देण्याची तक्रार महाराष्ट्रांत जुनी आहे. जत किंवा माण तालुक्यांतल्या एखाद्या वृद्धास दोन डॉक्टरांचीं औषधें एकाच वेळीं चालूं असतील आणि तीं एकमेकांस मानवणारीं नसतील, तर तें ओळखूं शकणारा शेवटचा माणूस दुकानांत हजर असावयास हवा. फार्मासिस्टच्या गैरवर्तनाची चौकशी करून त्याचें नांव पटावरून काढण्याचा अधिकार कौन्सिलास आहे. तेव्हां कौन्सिलांत कोण बसतें, हा प्रश्न त्या व्यवसायाच्या उंबरठ्याआड ठेवण्याजोगा नाहीं.

या व्यवस्थेचें मूळ कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं १९३० सालीं नेमलेल्या समितींत आहे. बाजारांत कमी कसाचीं व भेसळीचीं औषधें सर्रास खपत, आणि तीं हाताळणाऱ्यास शिक्षण असलेंच पाहिजे असें बंधन नव्हतें. समितीचा अहवाल १९३१ सालीं आला. औषधांच्या गुणवत्तेचा कायदा १९४० सालीं झाला आणि औषध देणाऱ्या माणसाविषयींचा, म्हणजे फार्मसी कायदा, ४ मार्च १९४८ रोजीं. त्यानंतर चारच दिवसांनीं सांगली, मिरज, जत, औंध, फलटण हीं संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं. आजच्या सांगली जिल्ह्याचा जन्म तर १९४९ सालचा, तोही दक्षिण सातारा या नांवानें. राज्याच्या पहिल्या पटावर येण्यास पदवी किंवा पदविका हा एकच मार्ग नव्हता. दवाखान्यांत पांच वर्षें औषधें तयार करण्याचें काम केलेला कंपाउंडरही त्या पटावर येऊं शके. ही सवलत शहाणपणाची होती, कारण ती नसती तर पुष्कळ गांवांतील दवाखाने एका रात्रींत कायद्याबाहेर गेले असते.

आतां रचना. कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणें सहा सभासद राज्यांतील नोंदलेले फार्मासिस्ट आपल्यांतून निवडून देतात. पांच सभासद राज्य सरकार नेमतें. राज्याच्या मेडिकल कौन्सिलचे सभासद आपल्यांतील एकास पाठवितात. शिवाय आरोग्यखात्याचे प्रमुख अधिकारी, औषध नियंत्रणाचे प्रमुख आणि सरकारी विश्लेषक हे तिघे पदसिद्ध. एकूण १५, मुदत ५ वर्षांची. सरकारनें नेमावयाच्या पांचांपैकीं निदान तिघे फार्मसीची पदवी वा पदविका घेतलेले किंवा नोंदलेले फार्मासिस्ट असावे लागतात. म्हणजे पंधरांत नऊ तरी व्यवसायांतलेच. राहिलेल्यांत एक डॉक्टर आणि तीन अधिकारी. औषध विकत घेऊन तें पोटांत घेणाऱ्याचें नांव या यादींत कोठेंच नाहीं. शिवाय ज्याच्याविरुद्ध चौकशी चालावयाची तोच सहा सभासदांचा मतदार असतो. चौकशी करणारे कितीही निःस्पृह असले, तरी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसास तसें वाटावें कसें?

या दोषावर विलायतेंत मोठा उपाय योजला गेला. तेथें २०१० सालीं फार्मासिस्टांच्या संस्थेकडून नियमनाचें काम काढून घेऊन तें स्वतंत्र जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलकडे दिलें, आणि तिच्या १४ जागांपैकीं ७ व्यवसायाबाहेरच्यांस ठेवल्या. निवडणूक मात्र गेली. सर्वच सभासद नेमलेले. आपल्याकडे एवढें टोक गांठूं नये. सरकारच्या मर्जीबाहेरचे सहा सभासद हें या कौन्सिलचें बळ आहे, आणि तें नाहींसें होऊन रुग्णाचा लाभ होईल असें मानण्यास आधार नाहीं.

दुसरी सूचना प्रदेशवार जागांची. राज्याचे महसुली विभाग सहा आणि निवडून द्यावयाच्या जागाही सहाच, तेव्हां विभागास एक जागा ही वाटणी कागदावर फार सुबक दिसते. तिच्यासाठीं कायदा बदलावा लागेल. व्यवसायांचें नियमन समवर्ती सूचींत असल्यामुळें राष्ट्रपतींच्या संमतीनें राज्यासही तें करतां येईल. पण सातारा व सांगली पुणे विभागांत मोडतात, आणि एकट्या पुणें शहरांतील मतदारांपुढें आटपाडी-पाटणच्या दुकानदारांचा टिकाव लागणें कठीण. खटपट मोठी आणि फळ अनिश्चित.

याउलट एक वाट कायद्यांतच उघडी आहे. नेमणुकीच्या पांच जागांतील उरलेल्या दोघांवर फार्मसीच्या शिक्षणाची अट नाहीं. या दोन जागांवर ग्राहक चळवळींतील एखादा जाणता कार्यकर्ता आणि ग्रामीण आरोग्याचें काम पाहिलेली एखादी परिचारिका नेमण्यास संसदेची वाट पाहावी लागत नाहीं, विधिमंडळाचीही नाहीं. वैद्यकीय क्षेत्रांत हें तत्त्व मान्यही झालें आहे: २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यांत, अर्धवेळ सभासद ज्या क्षेत्रांतून घ्यावयाचे त्यांत रुग्णहक्कांचें काम स्पष्ट नमूद आहे. फार्मसी कायद्याच्या जागीं नवा आयोग आणण्याचा मसुदाही केंद्रानें नोव्हेंबर २०२३ मध्यें लोकांच्या मतासाठीं प्रसिद्ध केला. परंतु मसुद्याचा कायदा होईपर्यंत दोन जागा अडवून धरण्याचें कारण नाहीं.

आक्षेप येईल कीं पंधरांत दोघांचें काय चालणार? मतदानांत फारसें चालणार नाहीं, हें खरें. मात्र पटावरून नांव काढण्याचा कार्यकारी समितीचा हुकूम कौन्सिलनें कायम करावा लागतो, आणि त्या बैठकींत बाहेरचीं दोन माणसें प्रश्न विचारणारीं असलीं, म्हणजे प्रकरण कां मिटलें किंवा कां लांबलें याचें उत्तर तोंडानें द्यावें लागतें. नेमणुका राजकीय सोयीच्या होऊं नयेत म्हणून सरकारनें नांवें आधीं मागवावीं आणि निवडीचें कारण राजपत्रांत द्यावें. ज्येष्ठ नागरिकांच्या संघांनीं, महिला मंडळांनीं, कऱ्हाड-मिरजेच्या ग्राहक कार्यकर्त्यांनीं तीं सुचविण्यास मुदत संपेपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं.