संमेलनाचाही ताळेबंद हवा

दीपावलीस वहीपूजन करताना आपण वर्षाचा जमाखर्च पैशापर्यंत जुळवितो. परंतु पेढीवरील नोकरवर्गाच्या स्नेहसंमेलनाचा हिशोब मात्र मंडप व मिष्टान्न यांच्या खर्चापाशीच संपतो. ज्यांच्यासाठी हा खर्च, ते गुमास्ते व हमाल किती आले, किती जण मनमोकळे बोलले, याची नोंद कोणत्याही खतावणीत सापडत नाही. आम्हीही कित्येक वर्षे असेच वागलो, हे प्रांजळपणे कबूल करतो.

पीटर ड्रकर यांनी १९५४ साली उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनाचा पुरस्कार केला. पुढे १९८१ साली जॉर्ज डोरन यांनी उद्दिष्टाच्या पाच कसोट्या सांगितल्या : ते नेमके, मोजता येणारे, कोणावर तरी सोपविलेले, साध्य होण्याजोगे व कालबद्ध असावे.

'सर्वांस आनंद व्हावा' ही सदिच्छा झाली, उद्दिष्ट नव्हे. '२० पैकी १६ जण सहकुटुंब यावेत, १० जणांनी तरी अडचण वा सूचना मांडावी, भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपावे, आणि महिन्याभरात ३ सूचना अमलात याव्यात' हे उद्दिष्ट होय. पहिल्या तीन कलमांची जबाबदारी दिवाणजींवर, चौथ्याची मात्र मालकावर.

हजेरी सक्तीची नसावी. दडपणाने जमविलेली गर्दी ही खोटी जमा होय. साप्ताहिक सुटी हिरावून घेणारा समारंभ कोणासही गोड लागत नाही. म्हणून दिवस नोकरांस विचारूनच ठरवावा.

पर्युषणाच्या अखेरीस आपण नोकरांचीही क्षमा मागतो. त्या शब्दांस कृतीचा आधार मिळावा, म्हणून नव्या वहीत ही चार कलमे अवश्य लिहावीत, अशी व्यापारी बंधूंस आमची नम्र विनंती आहे.